आमनी पोर

धुळेकर : एक गोष्ट आधी मान्य करून टाका ताई, मग बाकीचं सावकाश भांडू. स्मिता पाटील खान्देशची. वडील शिवाजीराव गिरधर पाटील, आमच्या शिरपूरचे. स्वातंत्र्यलढ्यातले, आधी समाजवादी, मग काँग्रेसमध्ये. राज्यात मंत्री, राज्यसभेत खासदार, 2013 साली पद्मभूषण. शिरपूरच्या जुन्या माणसाला सहकाराबद्दल बोलतं करा, दुसऱ्या वाक्याला त्यांचं नाव येतं. 13 डिसेंबर 1986 ला स्मिता गेली, तेव्हा सारंगखेड्याची दत्ताची यात्रा तोंडावर आलेली. दुसऱ्या दिवशी एसटी स्टँडवर एका पेपरभोवती दहा डोकी. एका म्हातारीनं विचारलं, कोण गेलं रे भाऊ? तर एक जण म्हणाला, ‘आमनी पोर.’ नटी गेली, असं तो म्हणाला नाही. मी तिथं उभा होतो म्हणून सांगतो. माणूस आपलं आहे की नाही, हे अशा वेळी तोंडातून काय निघतं त्यावरून ओळखावं.

जळगावकर : नाना, त्या माणसाचं दुःख मी खोटं म्हणत नाही. पण त्याचा हिशेब तपासू द्या. स्मिताचा जन्म 17 ऑक्टोबर 1955 चा, पुण्याचा. शाळा पुण्यात. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात ती घडली, तेही तिकडेच. मग मुंबई. दूरदर्शनवर मराठी बातम्या द्यायची. जीन्सवरच साडी गुंडाळून कॅमेऱ्यासमोर बसायची, हा किस्सा तुम्हीच मला दहादा सांगितलाय. पण तेव्हा धुळ्यात टीव्ही कुठे होता? मुंबई-पुण्याच्या घरांनी तिला रोज संध्याकाळी पाहिली, आपण नाही. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये अरुण खोपकरांनी तिला ‘तीव्र मध्यम’मध्ये घेतलं, श्याम बेनेगलांनी ‘चरणदास चोर’ आणि ‘निशांत’मध्ये. या सगळ्या वाटेवर शिरपूर कुठे लागतं? वडिलांच्या गावात. म्हणजे तुमचा नियम असा, की बापाचं गाव ते मुलीचं गाव. चालेल. मग हाच नियम सातबाऱ्यालाही लावा. तिथं नाव चढवायची वेळ आली की हेच गाव म्हणतं, पोर तर परक्याचं धन, हक्कसोड करून दे बाई. पोर गाजली तर आमची आणि हिस्सा मागायला आली तर जावयाची, हे कसं?

धुळेकर : बोलायला गेलं की तुम्ही तलाठ्याच्या कचेरीत नेऊन बसवता. बरं, बापाचं गाव सोडून देतो. तिच्या कामाकडे बघा. 1977 चा ‘जैत रे जैत’ घ्या. जब्बार पटेलांचा. गोनीदांची कादंबरी, ठाकरांचं जग, आणि गाणी लिहिली कोणी? ना. धों. महानोरांनी. पळसखेडं आपल्या हद्दीला लागूनच, अजिंठ्याच्या पायथ्याचं. पावसाकडे तोंड करून बसलेल्या कोरडवाहू शेतकऱ्याचे शब्द होते ते. चिंधी होऊन ती जेव्हा डोंगर चढते, तेव्हा तिच्या चालण्यात मला पुण्याची मुलगी दिसत नाही. आमच्याकडे कापूस वेचायला येणाऱ्या बायका बघा. कमरेला फडकं बांधलेलं, त्यात कापूस भरत जातो, पोट वाढल्यासारखा. ओझं पुढे, म्हणून पाठ मागे, आणि पाय जरा फाकून, जपून. बोंडाच्या टोकांनी बोटं सोलवटलेली असतात, तरी हात थांबत नाहीत. ती चाल, तो हात शिकवून येत नाही. स्मितामध्ये तो होता. ‘मंथन’च्या शूटिंगला ती गावातल्या बायकांमध्ये जमिनीवर बसलेली असायची आणि बघायला आलेले लोक विचारायचे, यातली हिरॉइन कोणती, असं सांगतात. आता बोला.

जळगावकर : बोलते. तुम्ही नकळत तिचा अपमान करताय. शिकवून येत नाही म्हणजे काय? म्हणजे रक्तात होतं? नाना, ती शिकली होती. मंत्र्याच्या घरातली मुलगी गुजरातच्या खेडा भागातल्या बिंदूसारखी बसते, कारण ती तासन् तास त्या बायकांजवळ बसून बघत होती. हे कसब आहे. नसीरुद्दीन शाह किंवा ओम पुरी यांच्याबद्दल आपण म्हणतो, काय अभ्यास! आणि स्मिताबद्दल म्हणतो, तिच्यात मुळातच होतं ते. पुरुषाची ती मेहनत, आणि बाईची ती मातीच. मला हे चालत नाही. आणि ‘मातीतली’ म्हणताना आपल्या मनात आणखी एक गोष्ट असते, ती आपण उघड बोलत नाही. तिचा रंग. सावळी, म्हणून गावची. गोरी असती तर तुम्ही तिला शिरपूरची म्हटलं असतं की मलबार हिलची?

धुळेकर : रंगाचं तर तिनं उपकारच केलेत आपल्यावर. हेमामालिनीच्या जमान्यात एक सावळी मुलगी, मेकअप न करता, पडदाभर चेहरा. आमच्या पिढीतल्या कितीतरी पोरींना पहिल्यांदा वाटलं असेल की आरशात आपण दिसतो तेही बघण्यासारखं आहे.

जळगावकर : वाटलं असेल, खरंच वाटलं असेल. माझ्या आत्याला वाटलं होतं. पण पुढे काय झालं तेही ऐका. आत्याला बघायला आलेल्या पाहुण्यांच्या बैठकीत भिंतीवर स्मिताचं कॅलेंडर होतं. चहा-पोहे झाले, आणि त्यातलाच एक जण बाहेर पडताना म्हणाला, मुलगी नाकीडोळी नीटस आहे, फक्त सावळी आहे. त्या ‘फक्त’वर आत्याचं लग्न दोन वर्षं अडलं. स्मिताचा सावळेपणा पडद्यावर सुंदर, घरात उणा. पडद्यावरची बाई आपल्याला कुठपर्यंत बदलते, याबद्दल माझा संशय तिथून सुरू होतो. आणि त्याच संशयातून मी तुमच्या सगळ्यात लाडक्या सिनेमापर्यंत येते. ‘उंबरठा’.

धुळेकर : त्याला हात लावू नका.

जळगावकर : लावणार. 1982 चा सिनेमा. शांता निसळांची कादंबरी ‘बेघर’, पटकथा तेंडुलकरांची. सुलभा महाजन चांगलं घर, वकील नवरा, लहान मुलगी सोडून एका महिलाश्रमाची अधीक्षिका व्हायला जाते. तिथं तिला काय दिसतं? आश्रमातल्या बायका रात्री बाहेर पाठवल्या जातात, मोठ्या माणसांकडे. ती बोलते, आणि एकटी पडते. हा सिनेमा जळगावात चालला. माणसं डोळे पुसत बाहेर आली असतील. मग 1994 उजाडलं. आमच्या जळगावचं ते वासनाकांड उघडकीला आलं. मुलींना फसवून, फोटो काढून, धमकावून वापरलं जात होतं, आणि त्यात वजनदार लोकांची नावं होती. किती मुली कोर्टात उभ्या राहू शकल्या? मोजक्या. बाकीच्यांना घरच्यांनी गप्प केलं, लग्नं लावून दूर पाठवलं. ‘उंबरठा’ बघून बारा वर्षं झाली होती, नाना. सिनेमात जे बघून आपण रडलो, तेच गल्लीत घडलं तेव्हा आपण खिडक्या लावून घेतल्या. तेव्हा स्मितानं समाजाला जाग आणली वगैरे कोणी भाषणात म्हटलं की मला त्या खिडक्या आठवतात.

धुळेकर : हे तुम्ही सिनेमाच्या अंगावर टाकताय की आपल्या?

जळगावकर : आपल्या. पण सिनेमा बघणं हे काही करण्याच्या जागी बसतं, असा माझा संशय आहे. सुलभानं आपल्या वतीनं घर सोडलं, आपण सुटलो.

धुळेकर : थांबा. ही पळवाट नटीनं तयार केली नाही. उलट ‘उंबरठा’चा शेवट आठवा. तेंडुलकर-जब्बार-स्मिता या तिघांनी प्रेक्षकाला समाधान दिलेलं नाही. ती परत येते, तर नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई. मुलगी आईपेक्षा दुसऱ्यांना सवकलेली. आश्रमात तिनं जिंकलं असंही नाही. हरून घरी, आणि घरातून पुन्हा बाहेर. विजयाचं संगीत वाजत नाही. स्मिताच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे आहे, ते धैर्य आहे की नुसता थकवा, हे मी चाळीस वर्षं ठरवू शकलेलो नाही. चांगल्या नटाची मी हीच खूण मानतो. ‘भूमिका’ही तशीच. हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’वरून घेतलेली. स्मिता तेव्हा एकवीस-बावीस वर्षांची, आणि शाळकरी वयापासून चाळिशीकडे झुकलेल्या बाईपर्यंत सगळं ती करते. नवरा, प्रियकर, जमीनदार, प्रत्येक दारातून आत जाते आणि प्रत्येक दारातून बाहेर. शेवटी हॉटेलची खोली आणि एकटेपणा. त्यासाठी पहिलं राष्ट्रीय पारितोषिक. दुसरं ‘चक्र’साठी. बाविसाव्या वर्षी थकवा कुठून आणला असेल तिनं?

जळगावकर : ‘चक्र’ बरं आठवलंत. जयवंत दळवींची कादंबरी, रवींद्र धर्मराज दिग्दर्शक. बिचारा तोही त्या सिनेमानंतर लगेच गेला. झोपडपट्टीतली अम्मा. आणि सिनेमाची जाहिरात कशाची? उघड्यावर अंघोळ करणाऱ्या अम्माची. स्मितानं त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली होती. दिग्दर्शक म्हणणार हे वास्तव, पोस्टर लावणारा म्हणणार हे तिकीट. एकच दृश्य, एकाच बाईचं अंग. समांतर सिनेमा आणि धंदेवाईक सिनेमा यांच्यात आपण जी भिंत घालतो ना, तिला त्या पोस्टरएवढं भोक होतं. म्हणून मला ‘नमक हलाल’चा राग येत नाही, जो तुम्हाला येतो.

धुळेकर : येतोच. पावसात अमिताभबरोबर ते गाणं! ज्या बाईनं ‘भूमिका’ केली तिनं? तिला स्वतःलाही त्यानंतर रडू आलं होतं असं सांगतात. 1982 नंतर ती त्या वाटेनं गेली आणि आमच्यासारख्यांचा हिरमोड झाला. एका वर्षात ‘उंबरठा’, ‘बाजार’, ‘अर्थ’ आणि त्याच वर्षी ‘शक्ती’, ‘नमक हलाल’. पुढे पुढे तर मारधाडीचे, आज नावही आठवू नये असे. बारा वर्षांत ऐंशीच्या वर चित्रपट. त्यातले वीस ठेवा, बाकी तापीत सोडून द्या.

जळगावकर : आता बघा, जागा बदलल्या. तुम्ही तिचे चाहते आणि साठ चित्रपट बुडवायला निघालात. मी संशय घेणारी, पण ते मला हवेत. का, सांगते. तुम्हाला ती देवळात हवी आहे. मला ती कामावर गेलेली बाई दिसते. समांतर सिनेमात पैसे नव्हते. ‘मंथन’ तर गुजरातच्या पाच लाख दूधउत्पादकांच्या दोन-दोन रुपयांवर उभा राहिला. आणि दिग्दर्शकही तिथं काय करत होते? धंदेवाईक नटी घेतली तर आपलाही सिनेमा खपेल, म्हणून तिकडच्या मोठ्या नावांकडे बघत होते. मग हिनंच का व्रतस्थ राहायचं? आपल्याकडे बाई दिवसा स्वतःच्या शेतात निंदणी करते आणि दुपारनंतर दुसऱ्याच्या मळ्यात केळीचे घड वाहते. केळीच्या चिकाचे काळे डाग लुगड्यावर पडतात, ते मरेपर्यंत जात नाहीत. तिला कोणी विचारत नाही, की तुझी खरी कला निंदणी, मग तू घड का वाहिलेस. कलावंतानं मात्र डाग लावून घ्यायचा नाही.

(इथे धुळेकर बराच वेळ गप्प राहिले, ते मी लिहून ठेवतो. माझ्या मते त्यांच्याकडे एक उत्तर होतं, की मजुराला निवड नसते आणि स्मिताला होती. पण ते त्यांनी दिलं नाही, आणि मी त्यांच्या तोंडी घालणार नाही.)

धुळेकर : बरं, तो मुद्दा तुमचा. पण अकाली गेली हे तर खरं? एकतीस पुरी होऊन दोन महिनेही झाले नव्हते. पुढे काय काय केलं असतं तिनं!

जळगावकर : हेच ते ‘असतं’. फ्रान्समध्ये दोन सख्ख्या बहिणी होत्या, दोघी नट्या. मोठी फ्रान्स्वाज दोर्लेआक, धाकटी कॅतरीन दनव्ह. 1967 साली दोघींचा एकत्र चित्रपट आला, आणि त्याच जूनमध्ये मोठी नीस शहराजवळ मोटार अपघातात गेली. पंचविसाव्या वर्षी. धाकटी जगली, ऐंशी ओलांडली, शंभराच्या वर चित्रपट केले; चांगले, वाईट, कंटाळवाणे, सगळे. मोठी कायम पंचवीस वर्षांची, कायम हसरी, काहीही बिघडवायला न मिळालेली. कोणाचं आयुष्य जास्त भरलेलं? आता आपल्याकडे बघा. शबाना जगल्या, म्हणून त्यांच्याशी आपण भांडू शकतो. त्यांचं राजकारण, त्यांचे सिनेमे, त्यांची विधानं, सगळ्यावर. स्मिताशी भांडायला मिळालंच नाही. तिच्या खासगी आयुष्यातल्या निवडींवरून त्या वेळी बायकांच्या चळवळीतल्या बायकाही तिच्यावर नाराज होत्या, आणि ती स्वतः मुंबईत बायकांच्या केंद्रासाठी काम करणारी. तो वाद पुरा व्हायला हवा होता. ती पन्नाशीची होऊन त्यावर काय बोलली असती? कदाचित चुकले म्हणाली असती, कदाचित तुम्ही कोण विचारणारे म्हणाली असती. मरणानं तो वाद अर्ध्यावर मिटवला, आणि आपण त्यावर हार घातला. आणि उलटं उदाहरण तर आमच्या असोद्याचंच. बहिणाबाई चौधरी. 1880 चा जन्म, 1951 ला गेल्या, आणि पुस्तक 1952 ला. त्यांची सगळी कारकीर्द मेल्यावरची. म्हणून कारकीर्द छोटी की मोठी, हे वर्षं मोजून ठरत नाही, एवढंच म्हणते.

धुळेकर : बहिणाबाईंना तुम्ही मध्ये आणलंत, तर मला एक बोलू द्या. त्यांनी जे रचलं ते घरोट्यावर, चुलीपुढे, शेतात. ते त्यांच्या पोरानं उतरवून ठेवलं नसतं तर मेलं असतं. असं न उतरवलेलं किती मेलं असेल या जिल्ह्यात! स्मितानं दुसऱ्या बाजूनं तेच काम केलं. जे उतरवलं गेलं नाही ते तिनं अंगानं दाखवलं. ‘मिर्च मसाला’ आठवा. ती गेल्यावर 1987 मध्ये आला. केतन मेहतांनी सौराष्ट्रातली गोष्ट सांगितलीय, पण मला दिसतं नंदुरबार. तिथल्या मिरचीच्या पथाऱ्या तुम्ही पाहिल्यात. हिवाळ्यात मैलभर जमीन लाल. तोंडाला फडकं बांधून बायका देठ खुडत बसलेल्या, वारा फिरला की सगळ्या एकदम खोकतात. बोटांची आग रात्री झोपू देत नाही. लेकराला घ्यायचं म्हटलं तरी हाताची भीती. त्या बायकांच्या हातातली मिरची हे हत्यार आहे, असं त्या सिनेमाआधी कोणाला सुचलं होतं? शेवटी सुभेदार येतो, बायका त्याच्यावर मिरचीची पूड उधळतात, आणि सोनबाई कोयता घेऊन उभी. वार करत नाही. नुसती उभी. तिचं ते उभं राहणं मी नंदुरबारच्या मिरचीवालीला देऊन टाकतो, आणि म्हणतो, हे तुझं आहे.

जळगावकर : देऊन टाकता! तिनं मागितलं होतं का? नाना, सौराष्ट्रातली सोनबाई, खेड्याची बिंदू, मुंबईची अम्मा, ठाकरांची चिंधी. तिनं गुजराती केलं, बंगाली केलं; मृणाल सेनांच्या ‘आकालेर सन्धाने’त तर स्मिता म्हणूनच आली. मल्याळम केलं, कन्नड केलं. सत्यजित रायांच्या ‘सद्गती’त दुखीची बायको झाली. पण तुमच्या गाजलेल्या वीस चित्रपटांतला एक तरी असा सांगा, ज्यात ती अहिराणी बोललीय. शिरपूरच्या पाटलाची मुलगी देशभरच्या बायकांच्या बोली बोलली, फक्त आपल्या आजीची सोडून. यात तिचा दोष नाही. अहिराणीत सिनेमा करावा असं तेव्हा पैसेवाल्या कोणालाच वाटलं नाही. अहिराणी म्हणजे हसायची भाषा. नाटकात गडी आला की तो अहिराणी बोलणार. आज मोबाईलवर अहिराणी गाणी लाखो लोक बघतात, लग्नात डीजेवर नाचतात. पण अहिराणी बोलणारी बाई पडद्यावर रडतेय, रागावतेय, कोयता घेऊन उभी आहे आणि कोणी हसत नाही, असं अजून किती वेळा झालंय? म्हणून मला ‘आमनी पोर’ ऐकताना बोचतं. ज्या भाषेत तुम्ही तिच्यावर हक्क सांगता, त्या भाषेला तिच्या तोंडात जागा नव्हती.

धुळेकर : हे मला आजवर कोणी म्हटलं नव्हतं.

जळगावकर : आणखी एक म्हणते, ते जड आहे. 28 नोव्हेंबरला मुलगा झाला, 13 डिसेंबरला ती गेली. बाळंतपणानंतरच्या गुंतागुंतीनं. मुंबईत, सगळी सोय हाताशी असताना. आणि तिची आई, विद्याताई, पेशानं परिचारिका. मी हे वाचलं तेव्हा मला शिरपूर आठवलं नाही. मला धडगाव-अक्कलकुव्याकडचे पाडे आठवले, जिथून बाईला खाटेवर घालून, चौघांच्या खांद्यावर, नर्मदेच्या बाजूच्या डोंगरातून खाली आणतात. कधी रस्त्यातच. त्या बायकांचं नाव पेपरात येत नाही, आलं तर ‘एका महिलेचा’ म्हणून येतं. तुम्ही चालण्यात, हातात, रंगात तिचं खान्देशीपण शोधत होतात. ती कुठे आपली झाली असेल, तर त्या पंधरा दिवसांत. तेही अभिनयानं नाही.

धुळेकर : हे मला पटत नाही. पटत नाही म्हणजे सहन होत नाही. मरणानं बाई कोणाची होत असेल, तर जगून केलेलं सगळं कशाला? तुम्हीच म्हणालात, तिच्या कसबाला माती म्हणू नका. मग तिच्या मरणाला तरी प्रतीक का करता? ती बाळंतपणात गेली, कारण बायका बाळंतपणात जातात. तो आजार आहे, अर्थ नाही.

जळगावकर : हं. बरोबर आहे. मीही हारच घालत होते, फक्त माझी फुलं वेगळी. मागे घेते.

धुळेकर : घेऊ नका. अर्धं राहू द्या. पोस्टाचं तिकीट निघालं, पुरस्कार निघाले, आणि ती आणखी आणखी लांब गेली. मला ती जवळ हवी होती, म्हणून मी गाव लावत होतो तिला.

जळगावकर : मग गाव सोडा, आणि मला एक साधं सांगा. 1982 मध्ये तुम्ही ‘उंबरठा’ धुळ्यात टॉकीजला पाहिलात. सोबत कोण होतं?

धुळेकर : एकटाच गेलो होतो. रात्रीच्या शोला.

जळगावकर : आणि काकू?

धुळेकर : घरी. मुलं लहान होती. शिवाय रात्रीचा शो. तिनं पुढे बऱ्याच वर्षांनी पाहिला, टीव्हीवर. तोही अर्धाच. दूध तापत ठेवलं होतं, मध्ये उठावं लागलं. आली तोवर संपत आलेला.

जळगावकर : पुढे काय झालं, विचारलं नाही त्यांनी?

धुळेकर : विचारलं ना. मी म्हटलं, ती पुन्हा घर सोडून जाते. मला वाटलं, ही आता काहीतरी बोलेल. बरं केलं म्हणेल, नाहीतर वेडी आहे म्हणेल. तर म्हणाली, पोरगी कोणाजवळ ठेवली तिनं? मी म्हटलं, जावेजवळ. त्यावर काही बोलली नाही. पातेलं फडक्यात धरून तशीच उभी राहिली, जाहिराती लागेपर्यंत.